मीटिंगला गेलं की नाव लिहून घेतात का?

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांचा, माध्यमिक शाळेत शिक्षक. गाव तालुक्याचं. गेली सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी घेतो. नोकरी शाबूत आहे, घरात कधी हात उचलला नाही, कुणाची उधारी नाही. पण मध्यंतरी पोटाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी रिपोर्ट पाहून चिठ्ठीच्या मागे ‘ए. ए.’ अशी दोन अक्षरं लिहिली आणि ‘एखादी मीटिंग करून बघा’ म्हणाले. जास्त विचारायचा धीर झाला नाही. ही मीटिंग कुठं भरते? नाव, पत्ता, शाळा असं सगळं लिहून घेतात का? सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं का? शपथ घ्यावी लागते का? आणि एखादा पालकच तिथं भेटला तर? (नाव-गाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : नाही, नाव लिहून घेत नाहीत. रजिस्टर नसतं, फॉर्म नसतो, आधार कार्ड कुणी मागत नाही. तुम्ही पहिलं नाव सांगितलंत तर तेवढ्या नावानं हाक मारतात, आणि ते खरं की खोटं याची चौकशी करत नाहीत. शपथही नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, कुलदैवतासमोर, आईच्या फोटोपुढं घेतलेल्या शपथांचं काय होतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला स्वानुभवानं माहीत असतं. म्हणून तिथं जन्माची भाषा कुणी करत नाही. आजच्या दिवशी प्यायचं नाही, उद्याचं उद्या, एवढाच हिशेब.

डॉक्टरांनी लिहिलेली अक्षरं म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारूनं ज्यांना घेरलं होतं अशा माणसांनी आपल्यासारख्याच माणसांसाठी चालवलेली ही बैठक. समोर डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, महाराज नसतात. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा असली पाहिजे. सोडलेली असली पाहिजे असं नव्हे, हा फरक लक्षात घ्या. बरेच जण ‘आधी पंधरा दिवस थांबून दाखवतो, मग ताठ मानेनं जातो’ म्हणतात आणि ते पंधरा दिवस कधी उगवत नाहीत.

आता कुठं जायचं ते. भारतात ए. ए.चं काम 1957 साली मुंबईत उभं राहिलं आणि देशातलं मध्यवर्ती कार्यालयही मुंबईतच आहे. साहजिकच मुंबई, ठाणे, वसई, पुणे आणि गोवा या भागांत गट बरेच. मुंबईत महापालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग किंवा चर्चच्या आवारातली खोली संध्याकाळी तासा-दीड तासासाठी घेतलेली असते. शिक्षक असल्यानं तुम्हाला ते चमत्कारिक वाटणार नाही. चौथीच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं आणि मागच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता.

ए. ए. इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार यादी असते, संपर्काचे फोनही असतात. यादीवर डोळे झाकून विसंबू नका. शाळेला सुट्टी लागली, खोली बदलली, वार बदलला की यादी मागे पडते. आधी फोन करा. हा फोनच सगळ्यात अवघड जातो, म्हणून काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून घ्या. मीटिंग कुठं, किती वाजता, मराठीत की हिंदीत की इंग्रजीत, आणि ओपन आहे की क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे त्यांच्यापुरती. ओपनला नातेवाईक, विद्यार्थी, नुसते उत्सुक लोकही बसू शकतात. तुम्हाला दोन्ही चालतील. फोन उचलणारा बहुधा गटाचाच माणूस असतो, पगारी ऑपरेटर नव्हे. तुम्ही अडखळलात तरी त्याला आश्चर्य वाटत नाही.

यादीत तुमच्या भागातलं काहीच सापडलं नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आसपास काय चालतं याची माहिती असते. 14446 ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. टेली-मानसचा नंबर 14416, ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर उभं केलेलं. तिथून उपचार घेऊन गेलेल्यांसाठी राज्यात अनेक गावांत पाठपुराव्याच्या बैठका होतात, त्यातली एखादी तुमच्या जवळ असू शकते. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर जो परेरांनी 1981 मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनची केंद्रंही वसई-गोव्यापासून बऱ्याच ठिकाणी आहेत. मुक्तांगण आणि कृपा म्हणजे ए. ए. नव्हे. ती उपचार केंद्रं आहेत. पण ए. ए.ची वाट विचारायला त्यांच्याइतकी जाणती जागा नाही.

तालुक्याच्या गावात गट नसेल तर नाराज होऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणी एस. टी.नं जावं लागलं तरी त्यात तुमची सोयच आहे. तिथं तुमचा विद्यार्थी भाजी आणायला आडवा येणार नाही. शिवाय 2020च्या टाळेबंदीत कितीतरी गट ऑनलाइन भरू लागले आणि पुढेही तसेच राहिले. कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं. परदेशात राहणारे मराठी लोकही अशा बैठकांना हजेरी लावू शकतात, फक्त घड्याळाचं गणित सांभाळायचं. सुरुवात म्हणून ऑनलाइन ठीक. पण तेवढ्यावरच थांबू नका असं माझं स्पष्ट मत आहे. स्क्रीनवरून उठून जाणं फार सोपं असतं, आणि मीटिंगइतकंच महत्त्वाचं जे मीटिंगनंतर दारात उभं राहून चालतं ते तिथं मिळत नाही.

इथं एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती पुढं ढकलण्यासारखी नाही. तुम्ही रोज किती घेता ते लिहिलेलं नाही. सकाळी हात थरथरतात का, घोट घेतल्यावर थांबतात का, रात्री घाम फुटतो का? यातलं काही होत असेल तर मीटिंगच्या उत्साहात एका दिवसात दारू तोडू नका. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, तारवटणं अशी अवस्था येऊ शकते. उपचार नसतील तर ती जीवावर बेतते. त्यासाठी डॉक्टर काही दिवसांची औषधं देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर दाखल करून घेतात. ज्यांनी चिठ्ठीवर दोन अक्षरं लिहिली त्यांच्याकडेच परत जा आणि आकडा खरा सांगा. बहुतेक जण निम्मा सांगतात. डॉक्टरही ते धरूनच चालतात, पण गोळ्यांचा डोस ठरवताना अंदाजपंचे नको.

आता प्रत्यक्ष मीटिंग. दहा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलं की सगळ्या माना वळतात, आणि नेमकं तेच तुम्हाला नको आहे. दारात कुणीतरी उभा असतो, तो हात पुढं करतो. ‘पहिल्यांदाच आलोय’ एवढं म्हटलं की पुरे. पुढचं तो बघतो. मागच्या बाकावर बसा. आठ-दहा माणसं असतील, कुठं तीस-चाळीस. रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, गवंडी, नुकताच नोकरी गेलेला पोरगा, निवृत्त फौजदार. बायका कमी दिसतात. त्या पीत नाहीत म्हणून नव्हे, त्यांना घराबाहेर पडून हे कबूल करणं दसपट महाग पडतं म्हणून. काही शहरांत आणि ऑनलाइनही फक्त स्त्रियांच्या बैठका असतात.

सुरुवात थोड्या शांततेनं होते. ए. ए. म्हणजे काय याचा एक परिच्छेद वाचतात, कुणीतरी दारूतून बाहेर पडण्याच्या ए. ए.च्या बारा पायऱ्या वाचतं. ज्याच्याकडे त्या दिवशी चेअर करण्याचं काम असतं तो एकेकाला बोलायला सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. बोलणारा आपलं पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो, बाकीचे त्याला नावानं नमस्कार करतात, आणि मग तो पाच-सात मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. आधी काय होतं, काय घडलं, आता कसं चाललंय. मध्ये कुणी तोंड घालत नाही. उत्तर देत नाही, सल्ला देत नाही. मराठी माणसाच्या बैठकीत ही शिस्त पाळली जाते याचं मला अजूनही नवल वाटतं. तुमची पाळी आली तर नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. तेही नको असेल तर मान हलवा. कुणी आग्रह करणार नाही.

मी ओपन मीटिंगला बसलेलो आहे. तिथं जे ऐकलं ते इथं लिहिणार नाही, हा तिथला नियम आहे आणि तो बाहेरच्यालाही लागू होतो. इतकं सांगतो की तिथं लोक हसतात. पुष्कळ हसतात. नवख्याला त्याचाच पहिला धक्का बसतो. तो सुतक धरून आलेला असतो आणि इथं एकजण आपण बाटली कुठं कुठं लपवायचो ते सांगतोय, आणि बाकीचे ‘पाण्याच्या टाकीत नाही ठेवलीस?’ अशा नजरेनं त्याच्याकडे बघतायत.

शेवटी एक पेटी किंवा पिशवी फिरते. ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे. पहिल्या दिवशी तुम्ही टाकले नाहीत तर उलट बरं. त्यातून खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं निघतात. बाहेरच्यांची देणगी ए. ए. घेत नाही, हे त्यांच्या परंपरांमध्ये पक्कं बसलेलं आहे. एखाद्यानं ‘मोठी रक्कम देतो, फक्त पाटीवर नाव टाका’ म्हटलं तरी नाही म्हणतात. गणेशोत्सवाची कमान आणि वर्गणी पाहत वाढलेल्या आपल्याला हे पचायला वेळ लागतो. म्हणून एक खूणगाठ बांधा. कुणी ‘ए. ए. मीटिंगची फी’ म्हणून पैसे मागितले, किंवा ‘रात्री गाडी पाठवतो, पेशंटला उचलून नेतो’ म्हणालं, तर ती ए. ए. नव्हे. व्यसनमुक्ती केंद्राच्या नावाखाली माणसं कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी ठिकाणंही आहेत. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अशा केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. घरच्यांनी पैसे भरण्याआधी तो कागद मागायला लाजू नये.

मग पालक भेटला तर? विचार करा, तो तिथं कशाला आला असेल? तुमचं गुपित जितकं त्याच्या हातात, तितकंच त्याचं तुमच्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या पिण्याची गावाला वार्ता नाही हा तुमचा समज असू शकतो. ज्या दुकानातून तुम्ही घेता तिथल्या पोऱ्याला शाळेचं नावसुद्धा माहीत असतं. परमिट रूमच्या दारात आपण दिसलो तर चालतं आणि मीटिंगच्या दारात दिसलो तर अब्रू जाते, हा हिशेब मला कधी उलगडलेला नाही. तरीही धास्ती खरी असते, तिची टिंगल करायची नाही. म्हणूनच तर जिल्ह्याचं ठिकाण सुचवलं.

तुमच्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न मला ओळींमधून दिसतो. ‘नोकरी शाबूत, उधारी नाही, हात उचलला नाही’ ही यादी तुम्ही का दिलीत? आपण त्या लोकांपैकी नाही, आपण गेलो तर आपल्यामुळे त्यांचा वेळ जाईल, असं काहीसं वाटतंय का? तसं असेल तर ए. ए.चा जन्म कसा झाला ते ऐका.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल. दारूत सगळं घालवून डिसेंबर 1934 मध्ये थांबला. पुढचे पाच महिने तो इतर दारुड्यांच्या मागे लागला, त्यांना सुधारायला. एकही सुधारला नाही. तो वैतागला तेव्हा बायकोनं, लोइसनं, त्याच्या लक्षात आणून दिलं की ते सुधारले नसतील, पण या खटाटोपात तू स्वतः कोरडा राहिलास. मे 1935 मध्ये तो धंद्याच्या एका लढाईसाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला आणि ती हरला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा येरझाऱ्या घालत होता. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला. त्याला धीर देणारा पाद्री नको होता. त्याला हवा होता दुसरा दारुडा, कारण आता आपण कुणाशी बोललो नाही तर पिणार हे त्याला कळलं होतं. फोनाफोनीतून त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ या तिथल्या सर्जनशी. डॉक्टरांनी बायकोच्या आग्रहाखातर पंधरा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं. बोलणं संध्याकाळी पाचला सुरू झालं ते रात्री अकरा वाजून गेले तरी चाललं होतं. पुढं एकदा डॉक्टर घसरले, पण 10 जून 1935 नंतर मरेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. तीच तारीख ए. ए.चा स्थापना दिवस धरतात.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती बिलची गरज. तो उपकार करायला गेला नव्हता. पंधरा वर्षं कोरडा असलेला माणूस आठवड्यातून दोनदा चौथीच्या बाकावर येऊन बसतो तो याच कारणानं. तुम्ही दारात उभे राहिलात की त्याला आपला पहिला दिवस समोर दिसतो, आणि त्याची ती संध्याकाळ निभावते. तेव्हा त्यांचा वेळ वाया घालवण्याची काळजी सोडा. नवा माणूस आला नाही तर त्या खोलीचं चालणारच नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. गटागटात फार फरक असतो. कुठं देवदेव जास्त, कुठं एकच म्हातारा अर्धा तास बोलतो, कुठं इंग्रजी फार. पाच-सहा ठिकाणी जाऊन बघा. निघताना दोन-तीन फोन नंबर मागून घ्या. संध्याकाळी साडेसातला तलफ येते तेव्हा तुम्हाला मीटिंग नको असते, फोन हवा असतो. पुढं एखादा जुना माणूस पटला तर त्याला ‘माझे स्पॉन्सर व्हाल का’ विचारायचं. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे, बारा पायऱ्यांवरून बरोबर चालणारा. आणि तुमच्या तालुक्यातून आणखी एकजण भेटला, तर ए. ए.च्या परंपरेप्रमाणे दारूपासून दूर राहण्यासाठी जमलेली दोन-तीन माणसंसुद्धा स्वतःला गट म्हणवू शकतात. शाळेतला वर्ग मिळवून देणं तर तुमच्याच हातात असेल.

प्रश्न : मी दरवर्षी श्रावण कडक पाळतो. महिनाभर थेंब नाही. मग मी व्यसनी कसा? घरचे उगाच मीटिंग मीटिंग करतात.

उत्तर : श्रावणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे गटारीला, तुम्ही किती घेता? आणि गणपती बसायच्या आत पुन्हा कोणत्या दिवशी सुरू होते, हे तुम्हाला आधीपासून पाठ असतं का? महिनाभर थांबणं पुष्कळांना जमतं. शेवटचा दिवस ठरलेला असला की माणूस दिवस मोजत तग धरतो. खरी अडचण एक घेतल्यानंतर पुढचं आपल्या हातात राहतं की नाही ही आहे. गडकऱ्यांच्या 1919 सालच्या नाटकाचं नावच ‘एकच प्याला’ आहे, आणि ए. ए.वालेही शेवटच्या पेगची नव्हे, पहिल्या पेगचीच भीती बाळगतात. त्या नाटकात तळीरामाचं आर्यमदिरामंडळही आहे. प्यायला मंडळ लागतं हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, सोडायलाही मंडळ लागेल हे मात्र गळी उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळेल. एकट्यानं बसून प्रामाणिकपणे भरा. श्रावणातली नव्हे, कार्तिकातली उत्तरं लिहा.

प्रश्न : माझा देवावर विश्वास नाही. ए. ए.च्या पायऱ्यांमध्ये देव येतो असं ऐकलं. शिवाय याचा खरंच उपयोग होतो याला काही पुरावा आहे, की नुसतं समाधान?

उत्तर : देव येतो, लपवण्यात अर्थ नाही. पण तो ‘आपल्याला जसा उमगला तसा’ अशा सुटीसह येतो. विठ्ठल मानणारा, येशू मानणारा आणि समोरच्या गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानणारा नास्तिक एका बाकावर बसलेले दिसतात. चर्चच्या खोलीत भरली म्हणून मीटिंग चर्चची होत नाही. शेवटी उभं राहून प्रार्थना म्हणतात, तेव्हा तुम्ही गप्प उभे राहिलात तर चालतं. इतकं करूनही ते शब्द घशाखाली उतरत नसतील तर जबरदस्ती नाही, दुसरे रस्ते आहेत.

पुराव्याचं म्हणाल तर 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं 27 अभ्यास आणि 10,565 माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. लोकांना ए. ए.कडे पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांत वर्षानंतर पूर्ण थांबलेले 42 टक्के होते, वर्तनोपचारासारख्या दुसऱ्या उपचारांत 35 टक्के. फरक आहे, चमत्कार नाही. अर्ध्याहून जास्त लोकांनी वर्षाच्या आत पुन्हा घेतली, हेही त्याच आकड्यात आहे. घसरलेला माणूस पुन्हा मीटिंगला येतो का, यावर पुष्कळ काही ठरतं. गटात अशा घसरण्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि तो परत आल्यावर पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात, टोमणा न मारता.

दुसरे रस्ते म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं, आणि समुपदेशन. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन करून पाहिलं. त्याचा फायदा झाल्याचं संशोधन लॅन्सेटमध्ये आलं. मात्र ते घातक प्रमाणात पिणाऱ्यांसाठी होतं, दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्यांसाठी नव्हे. औषध आणि मीटिंग दोन्ही एकदम चालतात. गटात एखादा अर्धवट जाणकार ‘गोळ्या सोड’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका. औषधावर मत देणं हे ए. ए.चं कामच नाही. आपल्याकडे रडायची गोष्ट निराळीच आहे. 2019च्या सरकारी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाल्याचं दिसलं. कोणता उपचार सरस यावर वाद घालण्याआधी उरलेल्या 37 जणांना काहीतरी एक मिळू दे.

प्रश्न : माझे मिस्टर मीटिंगला यायला तयारच नाहीत. एस. टी. स्टँडच्या भिंतीवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी पावडरची जाहिरात पाहिली. जेवणात मिसळून द्यावी का?

उत्तर : ताई, देऊ नका. अशा पुडीत काय असतं ते विकणारा सांगत नाही. कधी काही नसतं, कधी डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. हे औषध 1948 पासून वापरात आहे आणि डॉक्टर आजही देतात. पण पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, यकृत-हृदय तपासून. नकळत दिलं आणि ते बाहेर जाऊन प्यायले तर प्रसंग जीवावर येऊ शकतो. शिवाय उद्या त्यांना कळलं तर तुमच्या हातचं जेवणही ते विश्वासानं जेवणार नाहीत.

ते येत नसतील तर तुम्ही जा. अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक. बिल विल्सनच्या पत्नी लोइस आणि त्यांच्या एका सहकारी स्त्रीनं 1951 मध्ये सुरू केलेली. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणात बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. तिथं नवऱ्याची दारू कशी सोडवायची याचे धडे मिळतील अशा आशेनं जाऊ नका. त्यांची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही आणि तुमच्या पहाऱ्यानं ती सुटणारही नाही, हे तिथं पहिल्यांदा कानावर पडतं. मग रोजच्या गोष्टींवर बोलणं होतं. त्यांच्या साहेबांना ‘ताप आहे’ म्हणून फोन करायचा की नाही, बाटल्या शोधत घर पालथं घालायचं की नाही, पगाराच्या दिवशी मुलांची फी आधी कशी बाजूला काढायची, मारहाण झाली तर त्या रात्री कुठं जायचं. शेवटच्यासाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबरही घरात लिहून ठेवा. पुष्कळ ठिकाणी अल-अ‍ॅनॉन ए. ए.च्याच इमारतीत, त्याच वेळी शेजारच्या खोलीत भरते. ए. ए.च्या नंबरवर फोन केलात तरी पत्ता मिळेल. त्यांना न्यायचं असेल तर ‘मी चालले आहे, रात्र झाली की परत येताना सोबत हवी’ एवढं म्हणून बघा. आले तर आले, नाही तर शेजारणीला घेऊन जा.